वाटाण्याएवढ्या ग्रंथीची बखर

जव्हार गावाबाहेर शिरपामाळ म्हणून एक मोकळा माळ आहे. १६६४ सालच्या आरंभी शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांचा तळ या माळावर पडला होता. जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी तेथेच त्यांची भेट घेतली, त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला आणि त्या शिरपेचावरून माळाला हे नाव पडले, असे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मला ही हकीकत प्रथम सांगितली ती माझ्या आत्याने. गुरे सोडून आम्ही दोघी माळावर बसत असू. हकीकत संपली की ती पदराने तोंड पुशी आणि म्हणे, “राजाच्या डोक्याला शिरपेच मिळाला, पोरी. माझ्या कपाळाला ‘वांझ’ एवढा शब्द मिळाला.”

त्या वयात मला त्या शब्दाचा अर्थ नीट कळत नव्हता. पुढे आईकडून कळले. आत्याच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. त्या साली पाऊस लवकर सरला, नागली करपली, आणि घराघरातून कंदमुळांवर दिवस काढायची वेळ आली. त्याच दिवसांत आत्याची पाळी चुकली. सासरी आनंदीआनंद झाला. सासूने तिची दृष्ट काढली, शेजारणींनी ओटी भरली. चार महिने गेले, पाच गेले. पोट काही दिसेना. मग भगत झाला, अंगारा झाला, आणि अखेर ‘हिने ढोंग केले, ही वांझ आहे’ असा निवाडा होऊन एके दिवशी तिला आमच्या दारात आणून सोडले. नवऱ्याने दुसरी बायको केली. या सगळ्या प्रकरणात आत्याला कुणी डॉक्टरला दाखवले नाही, आणि तिच्या नवऱ्याला दाखवावे असे तर कुणाच्या स्वप्नातही आले नाही.

आत्या आमच्याच घरी राहिली, तिने मला वाढवले, आणि तो शब्द कपाळी घेऊनच ती गेली. मी शाळेत शिकवू लागले, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागले. एका कादंबरीत आत्या आली सुद्धा. परंतु तिच्या शब्दाचा उलगडा काही मला त्या कादंबरीत करता आला नाही. तो करण्याची वेळ आणली आमच्या वर्गातल्या एका मुलीने. संप्रेरकांचा धडा चालू होता. पीयूषिका ग्रंथी कोणकोणती संप्रेरके तयार करते ते मी फळ्यावर लिहीत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, कुठलं संप्रेरक कधी करायचं, ते त्या ग्रंथीला कोण सांगतं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. “उद्या सांगते,” म्हटले. त्या ‘उद्या’ला बरीच वर्षे लागली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईने वाचून, जाणत्यांना विचारून जे गोळा केले, ते आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवते आहे. विषय थोडा नाजूक आहे, पण घराघरातला आहे.

नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या खाली, हाडाच्या एका खोलगट बैठकीत ही ग्रंथी बसलेली असते. ती बैठक घोड्याच्या खोगिरासारखी दिसते म्हणून वैद्यकात तिला ‘तुर्की खोगीर’ असेच नाव आहे. ग्रंथीचा आकार वाटाण्याएवढा, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. युरोपातल्या जुन्या वैद्यांची समजूत अशी होती, की मेंदूतला कफ या ग्रंथीतून गळून नाकावाटे बाहेर पडतो. लॅटिन भाषेत कफाला जो शब्द आहे त्यावरूनच तिचे ‘पिट्युटरी’ हे नाव पडले. मेंदूतून नाकात असा कोणताही मार्ग नाही, हे कॉनराड श्नायडर नावाच्या जर्मन वैद्याने दाखवून दिले ते १६६० च्या दशकात, म्हणजे महाराजांचा तळ आमच्या माळावर पडला त्याच सुमारास. कफ खोटा ठरला, नाव मात्र चिकटून राहिले. आपल्या परिभाषाकारांनी तिला पीयूषिका म्हटले. पीयूष म्हणजे अमृत. एकाच वाटाण्याला एकाने शेंबूड म्हणावे आणि दुसऱ्याने अमृत, यातच या ग्रंथीची निम्मी बखर आली.

ती अमृत कशी आहे हे कळायला आणखी अडीचशे वर्षे जावी लागली. १९२६–२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये बर्नहार्ड झोंडेक आणि सेल्मार आशहाइम या दोघांनी, आणि अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी, जवळजवळ एकाच वेळी सारखाच प्रयोग केला. वयात न आलेल्या उंदरांच्या मादीच्या अंगात त्यांनी पीयूषिकेचे तुकडे बसवले. काही दिवसांतच त्या कोवळ्या पिलांचे बीजांडकोश पिकले. याच्या उलट, स्मिथ यांनी उंदरांची पीयूषिका काढून टाकली, तेव्हा त्यांचे जननावयव सुकून गेले. प्रजननाची किल्ली ओटीपोटात नसून डोक्यात आहे, हे त्या दिवशी ठरले. पुढे १९३१ साली अमेरिकेतील फेवोल्ड, हिसॉ आणि लेनर्ड यांनी दाखवले, की या ग्रंथीतून एक नव्हे, दोन वेगळी संप्रेरके येतात. एक बीजांडकोशातले बीज पिकवते. त्याला एफएसएच म्हणतात. दुसरे पिकलेले बीज बाहेर सोडवते, ते एलएच. हीच दोन संप्रेरके पुरुषाच्या अंगातही असतात आणि त्याचे बीज तयार करण्याचे कामही तीच चालवतात. ही एवढी गोष्ट आमच्या आत्याच्या सासरी कुणाला ठाऊक असती, तर त्या निवाड्याच्या वेळी निदान दोघांना उभे करावे लागले असते.

झोंडेक आणि आशहाइम दोघेही ज्यू. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. एक जेरुसलेमला गेला, दुसरा पॅरिसला. मनुष्याच्या जन्माचे रहस्य उलगडणाऱ्यांना कुणाच्या पोटी जन्मलो याबद्दल शिक्षा झाली!

त्याच काळात आपल्या मुंबईत काय चालले होते? विल्सन कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. या कामापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरणाच्या वर्षापर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्यापायी खटले सोसले. मूल होणे वा न होणे हा नशिबाचा खेळ नसून शरीरशास्त्राचा विषय आहे, हे मराठीत उघडपणे सांगणारा तो एकटा मनुष्य होता. कर्वे गेले १९५३ च्या ऑक्टोबरात. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला होता, आणि १९५४ साली मुंबईत संततिप्रतिबंधक साधनांची पारख करण्यासाठी एक लहानसा संशोधन विभाग निघाला. डॉ. शांता राव यांच्या देखरेखीखाली तो वाढत गेला आणि १९७० साली परळची प्रजनन संशोधन संस्था म्हणून उभा राहिला. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. कर्व्यांना हे दिवस पाहायला मिळाले नाहीत. पण ज्या विषयापायी त्यांची नोकरी गेली, तो विषय त्याच शहरात सरकारी इमारतीत जाऊन बसला.

आता आमच्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ग्रंथीला सांगतो कोण?

इंग्लंडमध्ये जेफ्री हॅरिस या शास्त्रज्ञाला या प्रश्नाने पछाडले होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक बदामाएवढा भाग आहे. तो भाग आणि पीयूषिका यांच्यामध्ये अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे आहे. १९५२ साली हॅरिस आणि डोरा जेकबसन यांनी उंदरांची पीयूषिका तिच्या जागेवरून काढली. काहींमध्ये ती पुन्हा हायपोथॅलॅमसच्या खालीच लावली, काहींमध्ये मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली लावली. जिथे ती हायपोथॅलॅमसखाली होती तिथे माद्यांना पिले झाली. दुसरीकडे ती जिवंत राहिली, पण मुकी. याचा अर्थ असा, की ही ग्रंथी राणी दिसली तरी राज्य तिचे नाही. वरून कोणीतरी रक्ताच्या वाटेने निरोप धाडतो आणि ती तो पाळते.

तो निरोप काय असतो, हे शोधण्यासाठी पुढे वीस वर्षे घोर चुरस लागली. अँड्र्यू शॅली यांनी कत्तलखान्यांतून डुकरांचे हायपोथॅलॅमस मिळवले, रॉजर गिलमन यांनी मेंढ्यांचे, आणि दोघांनाही ते लाखांच्या हिशेबात लागले. १९७१ साली निरोप सापडला: दहा कड्यांची एक इवलीशी साखळी. तिला जीएनआरएच असे नाव पडले. १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर रोझलिन यालो या बाईंनाही मिळाले, कारण रक्तातली संप्रेरके कणाकणाने मोजण्याची युक्ती त्यांनी काढली नसती तर हे पुढचे काहीच मोजता आले नसते.

निरोप सापडला, तो प्रयोगशाळेत बनवता येऊ लागला, तेव्हा साहजिकच वाटले की आता काम सोपे. ज्या स्त्रीला मूल होत नाही तिला हा निरोप भरपूर द्यावा, की झाले. प्रत्यक्षात झाले उलटे, आणि ते उमगले आपल्या माकडांमुळे.

त्या काळी अमेरिकेतील प्रयोगशाळांत जी लाल तोंडाची ऱ्हीसस माकडे असत, ती बहुतेक हिंदुस्थानातून जात. १९७८ साली आपल्या सरकारने ही निर्यात बंद केली. नेमक्या त्याच वर्षी पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांचा हायपोथॅलॅमस निकामी झाला होता अशा माकडिणींना त्यांनी जीएनआरएच दिले. अखंड धार धरून दिले, तेव्हा पीयूषिका काही दिवसांत गप्प झाली. तेच औषध तासातून एकदा, सहा मिनिटे देऊन बंद केले, पुन्हा तासाने दिले, तेव्हा ती ग्रंथी जागी झाली आणि एलएच व एफएसएच दोन्ही वाहू लागली. १९८१ साली त्याच मंडळींनी पुढची गोष्ट दाखवली. तासाच्या ऐवजी तीन तासांनी एक ठोका दिला, तर एलएच उतरते आणि एफएसएच चढते. औषध तेच, बदलला तो केवळ ताल.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कारण हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आले होते. भाताची कापणी होऊन दिवाळी आली, की आमच्या पाड्यांवर तारपा निघतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण यांचे ते वाद्य. तारपकरी मध्ये उभा राहून फुंकतो, आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याने सूर बदलला की सगळ्यांचे पाऊल बदलते. कुणी मोठ्याने सांगत नाही, ‘आता डावे टाका’ म्हणून. ताल कानात शिरतो आणि पाय आपणहून कळतात. तारपकऱ्याने अमुक सूर न बदलता रात्रभर धरून ठेवला, तर नाचणारे थकून बसतील. पीयूषिकेचेही तेच आहे. हायपोथॅलॅमस हा तिचा तारपकरी.

परंतु पाय कसे कळतात? पेशीला ना कान, ना पाय. हा शेवटचा पदर उलगडला तो गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, आणि तो थेट जनुकांपर्यंत जाऊन पोचला.

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांची एकच पोथी असते. डोळ्याच्या पेशीतही तीच आणि पोटाच्या पेशीतही तीच. पान मात्र ज्याचे त्याने उघडायचे. पीयूषिकेतल्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पेशी अशा आहेत, की ज्या एफएसएच आणि एलएच यांची पाने उघडतात. ही दोन्ही संप्रेरके दोन पदरांच्या गोफासारखी आहेत. एक पदर दोघांतही तोच. त्याचे जनुक आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. दुसरा पदर ज्याचा त्याचा. एफएसएचचा अकराव्या गुणसूत्रावरून येतो, एलएचचा एकोणिसाव्यावरून. म्हणजे कोणता गोफ विणायचा हे त्या दुसऱ्या पदराचे पान उघडण्यावर ठरते.

या पेशी इतर पेशींच्या गर्दीत वेगळ्या काढणे फार जिकिरीचे होते. कॅलिफोर्नियात पामेला मेलन या बाईंच्या प्रयोगशाळेने १९९० साली त्यावर तोड काढली. उंदराच्या पीयूषिकेतल्या नेमक्या याच पेशी काचेच्या बशीत वाढत राहतील अशी जात त्यांनी तयार केली. मग जगभरच्या प्रयोगशाळांतून या पेशींवर जीएनआरएचचे ठोके देऊन पाहू लागले. जे दिसले ते साध्या शब्दांत असे: ठोका पेशीच्या अंगावर पडला की आत खळबळ माजते आणि काही प्रथिने जनुकाच्या दाराशी धावतात. त्यातले एक ईजीआर-१ नावाचे. ते ठोक्यासरशी जन्मते आणि थोड्या वेळाने विरून जाते. ठोके भराभर पडत असले तर ते पुनःपुन्हा जन्मते, दाराशी त्याची वस्ती राहते, आणि एलएचचे पान उघडे राहते. याच भराभर ठोक्यांनी पेशीत असेही एक प्रथिन साचते, की जे एफएसएचचे पान मिटून टाकते. ठोके संथ झाले की ती अडवणूक सुटते, आणि मग एफएसएचची पाळी येते. पाळीच्या चक्रात प्रथमार्धी तासा-दीड तासाने एक ठोका पडतो, बीज सुटल्यानंतर तो मंदावून तीन-चार तासांवर जातो. आणि त्या संथ तालात पुढच्या महिन्याच्या बीजाची तयारी सुरू होते. ठोक्यांमधल्या शांततेलाही अर्थ आहे. आमच्या वर्गातल्या मुलीला पहिले उत्तर मी हेच दिले: “कोण सांगतं ते ऐक. सांगणारा ताल धरतो, आणि जनुकं ताल वाचतात.”

एफएसएचच्या पानावर आणखी दोघांचा हात असतो. ॲक्टिव्हिन ते उघडते आणि इनहिबिन ते मिटते. इनहिबिन बीजांडकोशातून आणि पुरुषाच्या वृषणातून येऊन पीयूषिकेला सांगते, ‘पुरे झाले.’ असे काहीतरी असावे ही कल्पना १९३२ पासूनची. आपल्या परळच्या संस्थेत डॉ. अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी यामागे वर्षानुवर्षे लागले होते. पुरुषाच्या वीर्यद्रवात त्यांना एक पदार्थ मिळाला, आणि १९८४ साली माँट्रियलच्या शास्त्रज्ञांबरोबर त्याची चौऱ्याण्णव कड्यांची साखळी त्यांनी उलगडून प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी परदेशातल्या चार प्रयोगशाळांनी बीजांडकोशातून खरे इनहिबिन वेगळे काढले, आणि मुंबईचा पदार्थ निराळाच ठरला. तो मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारा निघाला. कुणी म्हणेल, श्रम वाया गेले. पण त्याच पदार्थावर परळला पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगासंबंधी अभ्यास चालू राहिला. वाट चुकलेला मनुष्य कधीकधी नव्या गावाला पोचतो.

याच संस्थेची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९८६ साली ६ ऑगस्टला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी एका मुलीचा जन्म झाला. शरीराबाहेर गर्भ धरवून जन्मलेले भारतातले पहिले मूल, म्हणून देशभर तिचा गाजावाजा झाला. परंतु १९७८ साली, इंग्लंडातल्या अशा पहिल्या मुलीनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून अशीच एक मुलगी जन्मली होती. पीयूषिकेच्या या दोन संप्रेरकांची सुई देऊन एकाच वेळी अनेक बीजे पिकवायची, ही आज सर्वत्र रूढ झालेली रीत त्यांनी तेव्हाच वापरली होती. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. चौकशी नेमून त्यांची हेटाळणी झाली, आणि १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या टिपणवह्या आनंद कुमारांच्या हाती आल्या. त्या वाचून १९९७ साली त्यांनी जाहीर लिहिले, की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःच्या डोक्यावरचा शिरपेच उतरवून मेलेल्या माणसाच्या मस्तकी ठेवणारा हा मनुष्य मला विक्रमशहांपेक्षा कमी वाटत नाही.

आणि आता आत्या.

तारपकऱ्याला ताल कोण देतो, हा पुढचा प्रश्न होता. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधले. हे संप्रेरक अंगावरच्या चरबीतून निघते आणि मेंदूला सांगते, की घरात शिधा आहे. २००३ साली दोन प्रयोगशाळांना वेगवेगळे असे आढळले, की काही कुटुंबांतली मुले वयातच येत नाहीत, कारण किसपेप्टिन नावाचा निरोप त्यांच्या मेंदूला ऐकूच येत नाही. या निरोपाचे जनुक प्रथम पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडले होते, आणि त्या गावच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून त्याला नाव मिळाले. शिधा आहे की नाही ही बातमी अशा वाटांनी तारपकऱ्यापर्यंत जाते. शिधा संपला की तारपा मंदावतो. ठोके विरळ होतात, पीयूषिकेतली पाने मिटतात, बीज पिकत नाही, पाळी थांबते. मूल वाढवायला पुरेसे अन्न नाही हे देह ओळखतो आणि आपणच दार लावून घेतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या शहरांत जर्मनांनी अन्न तोडले. त्यानंतर नऊ महिन्यांनी तिथे जन्मणाऱ्या मुलांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते, तीही हाच तारपा मंदावल्यामुळे. आमच्या आज्यांना ते अनुभवाने माहीत होते. कारण आता कळले.

उपाशी बाईची पाळी चुकते, ती दिवस गेले म्हणूनच चुकते असे नाही. एवढे एक वाक्य त्या वर्षी कुणी सांगितले असते, तर ओटी भरली गेली नसती, आणि ओटी भरली नसती तर ढोंगाचा आरोपही झाला नसता. आत्या वांझ होती की नव्हती, हे कुणी तपासलेच नाही. तिच्या पोटाला अन्न नव्हते, हे मात्र सगळ्या पाड्याने पाहिले होते.

आमचा हा भाग भुकेच्या बाबतीत अपरिचित नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालके दगावली, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने आमच्याकडे पाहिले. आज पालघर जिल्हा झाला आहे, डहाणूला परळच्या संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे, रक्तातले एफएसएच आणि एलएच मोजून मिळतात. कुणाच्या अंगी ताल नसेल तर छोट्या यंत्रातून दर दीड तासाने ठोका देण्याचा उपचार १९८० पासून जगात आहे. जर्मनीत त्याने मुले झाली. अकाली वयात येणाऱ्या लहान मुलींना त्याच जातीचे औषध अखंड देऊन त्यांचे बालपण सांभाळताही येते. एवढे सगळे आहे. तरीही परवाच आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीला, लग्नाला दोन वर्षे होऊनही मूल नाही म्हणून, सासरच्यांनी माहेरी पाठवले. तिच्या आईला मी म्हटले, “वहिनी, पोरीला दवाखान्यात न्या. पण जावईबापूंना बरोबर न्या. दोघांचं रक्त तपासायचं, त्यांचं बीजही तपासायचं. आणि आधी सांगा, ती जेवते का पोटभर?”

आई म्हणाली, “बाई, जावयाला असं कसं म्हणायचं?”

मी तिला माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली; गवत, गुरे, शिरपेच, आणि तो शब्द. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठताना म्हणाली, “जावयाच्या आईशी मीच बोलते.”

दोन आठवड्यांनी तिघेही दवाखान्यात जाऊन आले. काय निघाले ते त्यांच्या घरचे. मी विचारले नाही. ती मुलगी मात्र आता नवऱ्याच्या घरी आहे आणि दोघे मिळून उपचार घेत आहेत. या दिवाळीत तिच्या पाड्यावर तारपा निघेल तेव्हा ती फेरात असेल. मीही जाणार आहे. जाताना वाट शिरपामाळावरून आहे. तिथे क्षणभर थांबेन आणि आत्याला एवढेच सांगेन, की तुझ्या कपाळीचा तो शब्द आता आम्ही पुसायला घेतला आहे.